इंदूरच्या परिसरात गळाची मासेमारी : काठावरून आणि लहान नावेतून

इंदूरकराला गळ टाकायचा असेल तर शहराबाहेर पडावे लागते. कान्ह आणि सरस्वती या शहरातून वाहणाऱ्या दोन्ही नद्यांनी अनेक वर्षे सांडपाणी वाहिले आहे, आणि त्यांच्यातला मासा खाण्यासाठी धरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. सिरपूरचा तलाव जवळ आहे खरा, परंतु तो पक्ष्यांसाठी राखलेला आहे आणि २०२२ मध्ये त्याची नोंद रामसर स्थळांच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या, यादीत झाली आहे. तिथे दुर्बीण घेऊन जावे, गळ घेऊन जाऊ नये. मासेमारीसाठी विचार करण्याजोगी पाणी तीन आहेत : हातोदच्या बाजूला गंभीर नदीवर होळकरांच्या काळात बांधलेला यशवंत सागर, खंडव्याच्या रस्त्याने घाटाकडे लागणारे चोरलचे धरण आणि नदी, आणि घाट उतरल्यावर बडवाह, मंडलेश्वर, महेश्वर या पट्ट्यातली नर्मदा. यांपैकी एकच निवडावे आणि निदान एक वर्ष तेच धरून बसावे. दर रविवारी नवे पाणी शोधणाऱ्यापेक्षा एका तलावाचा तळ ओळखणारा माणूस हमखास अधिक मासे पकडतो, आणि या लेखातील बहुतेक सूचना त्या तळाशीच येऊन थांबतात.

निघण्यापूर्वी दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली गोष्ट तारखेची. मध्य प्रदेशात १६ जून ते १५ ऑगस्ट हा माशांच्या प्रजननाचा काळ म्हणून बंद ठेवलेला असतो. या काळात नद्यांमध्ये आणि नद्यांशी जोडलेल्या जलाशयांमध्ये मासे पकडणे, विकणे आणि त्यांची वाहतूक करणे यांवर बंदी असते, आणि ती मोडल्यास एक वर्षापर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. रोहू, कटला आणि मृगळ साचलेल्या पाण्यात सहसा अंडी घालत नाहीत. पहिल्या पुराचे पाणी वाहू लागले की पोटात अंडी घेऊन ते उथळाकडे चढतात. त्या वेळी एक मादी धरली तर लाखो अंडी तिच्याबरोबर जातात. म्हणून हे दोन महिने दांडी घरात टांगून ठेवावी, कोणी पाहत असो वा नसो.

दुसरी गोष्ट परवानगीची. तलाव सरकारी असला तरी त्यातील मासा बहुधा कोणाच्या तरी कष्टाचा असतो. आकारमानानुसार ग्रामपंचायत, जनपद पंचायत किंवा जिल्हा पंचायत हे तलाव मच्छीमारांच्या सहकारी संस्थांना पट्ट्याने देतात. संस्था पदरचे पैसे घालून बोटुकली, म्हणजे माशांची बोटभर पिल्ले, सोडते, राखण करते आणि हिवाळ्यानंतर जाळी लावते. काठावर उभ्या असलेल्या नावा ज्याच्या असतील त्याला आधी भेटावे, आपण काय आणि किती वेळ करणार आहोत ते सांगावे, तो मागेल ती रक्कम द्यावी आणि पावती मिळत असेल तर ती जवळ ठेवावी. अशा ओळखीचा दुसरा लाभही मोठा आहे. पाणी कोठे खोल आहे, जाळी कोठे लावली आहेत आणि गाळ कोठे पाय धरून ठेवतो, हे त्या केवटाइतके, म्हणजे नावाड्याइतके, दुसऱ्या कोणालाही ठाऊक नसते. यशवंत सागराचे पाणी इंदूरच्या नळांना येते आणि तोही २०२२ पासून रामसर स्थळ आहे. त्यामुळे काठच्या शेतांत सारसाची जोडी चरताना दिसली तर तिच्यापासून लांब बसावे.

साधनांवर फार पैसा घालण्याची गरज नाही. शिकणाऱ्यासाठी बारा ते चौदा फुटांची सरळ, वाळलेली बांबूची काठी किंवा तेवढ्याच लांबीची फायबरची दांडी पुरते. दांडीच्या लांबीइतकाच तंगूस (गळाचा नायलॉनचा धागा) असल्यामुळे गळ नेमका त्याच जागी पुन्हा पुन्हा पडतो, आणि हीच अचूकता नवशिक्याला सर्वांत उपयोगी ठरते. रीळ लावलेली सात-आठ फुटांची दांडी लांब फेकण्यासाठी आणि मोठ्या माशासाठी हवी; ती दुसऱ्या वर्षी घेतली तरी चालते. तंगूस पाव मिलिमीटर जाडीचा घ्यावा, मोठा मासा अपेक्षित असेल तर ०.३० किंवा ०.३५ चा. गळाच्या क्रमांकात आकडा वाढला की गळ लहान होतो, हे दुकानात लक्षात ठेवावे. रोहू-मृगळासाठी ६ ते १० क्रमांकांमधला गळ योग्य. तरंग्यासाठी मोराच्या गळून पडलेल्या पिसाचा दांडा आजही उत्तम आहे, कारण तो हलका असतो आणि माशाची अगदी हलकी चाहूलही वर दाखवतो.

गाठ मात्र नीट शिकून घ्यावी, कारण मोठा मासा सुटतो तो बहुतेक वेळा गाठीपाशीच. तंगुसाचे टोक गळाच्या नेढ्यातून ओवून चार बोटे बाहेर काढावे, ते मूळ तंगुसाभोवती पाच-सहा वेढे देऊन गुंडाळावे, मग नेढ्यालगत जो पहिला लहानसा फास उरतो त्यातून खाली आणावे आणि त्यामुळे तयार झालेल्या मोठ्या फासातून पुन्हा वर काढावे. ओढण्यापूर्वी गाठ ओली करावी. कोरडा तंगूस घासून तापतो आणि नेमका त्या ठिकाणी कमकुवत होतो. गाठ सावकाश ओढल्यावर वेढे एकाशेजारी एक नीट बसलेले दिसले पाहिजेत. एकावर एक चढले असतील तर कापून पुन्हा बांधावी.

आता तळाविषयी. माळव्यातील बहुतेक जलाशय शेतांवर आणि नाल्यांवर उभे राहिले आहेत. पाण्याखाली जुन्या नाल्याचे पात्र असते, बांध असतात, कधी जुनी गाडीवाट, कधी विहिरीचा कठडा. मासा सपाट तळावर भटकतो खरा, परंतु तो थांबतो आणि चरतो तो अशा उंचसखल जागी. हे सगळे पाहण्याची उत्तम वेळ म्हणजे मे महिना, जेव्हा पाणी आटून तलावाचा निम्मा तळ उघडा पडतो. त्या वेळी सकाळी लवकर काठाने चालत जावे आणि वहीत साधा नकाशा काढावा : या बाभळीपासून नाल्याचे तोंड किती पावलांवर, हा बांध कोणत्या मंदिराच्या रेषेत, इथे मुरूम, तिथे निव्वळ गाळ. वाळून तडकलेली काळी माती वरून टणक दिसते, परंतु पाण्यालगतच्या दहा-वीस फुटांत ती गुडघ्यापर्यंत पाय आत घेते. म्हणून हातात काठी असावी आणि एकट्याने त्या पट्ट्यात शिरू नये. ऑक्टोबरमध्ये तलाव पुन्हा भरलेला असतो आणि इतरांना नुसते पाणी दिसते. आपल्याला त्याखालचा बांध दिसतो.

जागा ठरल्यावरही गळ लगेच टाकू नये. आधी खोली मोजावी. गळाला तरंगा बुडेल इतके वजनदार शिसे अडकवावे आणि जिथे बसणार त्या जागी सोडावे. तरंगा पाण्याखाली गेला तर खोली अधिक आहे, तेव्हा तरंगा तंगुसावर वर सरकवावा. तो आडवा पडला तर खोली कमी आहे, तेव्हा खाली घ्यावा. तरंग्याचे फक्त टोक पाण्याबाहेर उभे राहिले की शिसे तळाला टेकलेले असते आणि तरंग्यापासून गळापर्यंतचे अंतर म्हणजे त्या जागेची खोली. डावीकडे, उजवीकडे आणि थोडे पुढे अशी चार-पाच ठिकाणे मोजली की बांधाची कड कोठे आहे ते कळते. या कामाला पंधरा मिनिटे लागतात आणि त्या पंधरा मिनिटांत काठावरची इतर मंडळी दोन वेळा गळ टाकून झालेली असतात. तरीही ती वाचवू नयेत.

खोली कळण्याचे महत्त्व माशाच्या तोंडाकडे पाहिले की पटते. कटल्याचा खालचा जबडा वर वळलेला असतो. तो पृष्ठभागाजवळचे, तरंगणारे सूक्ष्म जीव खातो, म्हणून त्याच्यासाठी आमिष वरच्या तीन-चार फुटांत लटकते ठेवावे. रोहूचे तोंड किंचित खाली असून ओठांना झालर असते. तो मधल्या थरात आणि बुडालेल्या फांद्यांवरचे शेवाळ खुडत फिरतो, तेव्हा आमिष तळापासून हातभर वर असावे. मृगळ तळाचा. त्याच्यासाठी आमिष तळाला टेकलेलेच हवे, आणि तो ते उचलतो तेव्हा शिशाचे वजन हलके होऊन तरंगा बुडण्याऐवजी वर येतो आणि आडवा पडतो. हे चिन्ह न ओळखल्यामुळे अनेकजण तरंगा बुडण्याची वाट पाहत बसतात आणि मृगळ आमिष खाऊन निघून जातो. रोहू आधी एक-दोन हलके झटके देतो आणि मग तरंगा तिरका, सावकाश ओढत नेतो. तेव्हाच दांडी उचलावी. तिलापिया मात्र टकटक टोचा मारत राहतो. तो मूळचा आफ्रिकेतला, आता आपल्या बहुतेक तलावांत माजलेला; तो कितीही धरला तरी पाण्याचे नुकसान नाही, आणि लहान मुलांना शिकवण्यासाठी त्याच्यासारखा उपयोगी मासा दुसरा नाही.

आमिष घरच्या स्वयंपाकघरातून निघते. गव्हाची कणीक दोन वाट्या, भाजलेल्या चण्याचे पीठ एक वाटी, शेंगदाण्याची पेंड अर्धी वाटी आणि थोडी भाजून कुटलेली बडीशेप एवढे एकत्र करून घट्ट मळावे. पाणी शक्यतो त्याच तलावाचे घ्यावे. या गोळ्यात कापसाचा लहानसा पुंजका पिंजून, धागे सुटे करून मळला तर आमिष गळावर टिकून राहते; कापूस फार झाला तर मात्र मासा ते तोंडातून थुंकतो. गोळी बोराएवढी करावी आणि गळ तिच्यात पूर्ण लपवावा, फक्त टोक जरासे जाणवेल असा. त्याच मिश्रणाचे लिंबाएवढे चार-पाच सैल गोळे बसण्यापूर्वी त्या जागी टाकावेत म्हणजे मासे गोळा होतात. अधिक टाकल्यास त्यांचे पोट भरते आणि गळाकडे कोणी फिरकत नाही. गांडूळ सर्वांनाच आवडते, विशेषतः पावसाळ्यानंतर पाणी गढूळ असताना. पाणी निवळले की कणीक अधिक चालते.

हंगामाचे गणित सोपे आहे. १५ ऑगस्टनंतर पाणी चढते आणि गढूळ असते, तेव्हा नाले जिथे तलावात शिरतात तिथे बसावे. ऑक्टोबर आणि नोव्हेंबर हे इंदूरकडचे सर्वांत चांगले महिने. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत मासा खोलात जातो आणि कमी खातो. त्या दिवसांत ऊन वर आल्यावर, अकरा ते तीनच्या दरम्यान बसणे अधिक फलदायी. फेब्रुवारी ते एप्रिल पुन्हा चांगले, आणि मे महिन्यात पहाटेचे दोन तास सोडल्यास काही हाती लागत नाही.

मरळ आणि शिंगाडा या माशांना वेगळी वागणूक लागते. मरळ पाणवनस्पतींच्या कडेला, उथळात, दबा धरून असतो आणि हवा घेण्यासाठी अधूनमधून वर येतो. त्याला बेडकासारखे दिसणारे रबरी आमिष पानांवरून सरपटत ओढले की तो झडप घालतो. पाण्याच्या पृष्ठभागावर तांबूस पिल्लांचा घोळका एकत्र हलताना दिसला तर त्याच्या खाली आई-बाप राखण करत असतात. त्यांना धरू नये. ते गेले की तासाभरात इतर मासे सगळी पिल्ले गिळतात. शिंगाडा आणि त्याचे मिशीवाले भाऊबंद संध्याकाळनंतर तळाशी, गांडुळावर किंवा माशाच्या तुकड्यावर लागतात. यांच्या पाठीवर आणि दोन्ही बाजूंच्या परांत ताठ, दातेरी काटे असतात. असा मासा कापडात धरावा आणि गळ चिमट्याने काढावा. काटा टोचलाच तर जखम धुऊन, सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवल्याने वेदना उतरतात; त्यानंतर डॉक्टरांना दाखवून धनुर्वाताची सुई घ्यावी.

मासा लागला की दांडी झटक्याने मागे ओढू नये. मनगट वर उचलणे पुरेसे असते. दांडी उभी ठेवावी म्हणजे तिची लवचीकता माशाचा जोर पेलते. मासा काठाच्या झुडपांकडे निघाला तर दांडी उलट दिशेला, पाण्याला समांतर आडवी करून त्याचे तोंड वळवावे. मोठा मासा तंगुसाला धरून उचलण्याचा मोह टाळावा. झोळणे, म्हणजे दांड्याची हातजाळी, आधीच पाण्यात बुडवून धरावे आणि मासा त्यावर ओढून आणावा. झोळणे घेऊन माशाच्या मागे धावणाऱ्याचा मासा शेवटच्या क्षणी सुटतो.

नावेतून मासेमारी करायची असेल तर पहिल्या खेपेस नाव स्वतः वल्हवू नये. केवटाला बरोबर घ्यावे. त्याच्या दिवसाच्या मजुरीचा भाव आधी ठरवावा आणि घासाघीस करू नये. प्रत्येकाच्या अंगावर लाइफ जॅकेट हवे, आणि ते उशीसारखे बुडाखाली न ठेवता बंद लावून घातलेले हवे. लहान नावेत उभे राहू नये, दोघांनी एकाच बाजूला वाकू नये आणि मासा लागला तर ज्याच्या दांडीला लागला त्यानेच हालचाल करावी, बाकीच्यांनी नावेच्या मधोमध बसून राहावे. बांधाच्या कडेवर नाव थांबवण्यासाठी दोरीला दगड बांधून नांगर करतात. दोरी खोलीच्या निदान तिप्पट असावी. वाहत्या पाण्यात नांगर नेहमी नावेच्या नाळेकडून, म्हणजे पुढच्या टोकाकडून सोडावा. तो बाजूला बांधला तर प्रवाह नाव आडवी धरतो आणि पाणी आत येते. दोरी तोडता यावी म्हणून सुरी हाताशी ठेवावी. थर्माकोलचे तुकडे किंवा रिकाम्या बाटल्या ओळीने तरंगताना दिसल्या तर खाली जाळे आहे असे समजून वळसा घालावा. माळव्यात मार्चनंतर दुपारी वारा उठतो आणि यशवंत सागरासारख्या पसरट पाण्यावर पाहता पाहता लाटा होतात; पश्चिमेकडचे आभाळ काळवंडले किंवा पहिला गडगडाट ऐकू आला की मासा लागत असला तरी काठ गाठावा. कार्बनच्या दांडीतून वीज वाहते, त्यामुळे वादळात ती हातात धरू नये आणि शेतांवरून गेलेल्या तारांखाली कधीही उभी करू नये.

नर्मदेवर यापेक्षा अधिक सावध राहावे लागते. वरच्या बाजूला इंदिरा सागर आणि ओंकारेश्वर ही धरणे आहेत, आणि वीजनिर्मितीसाठी पाणी सोडले की खालच्या पात्रातील पातळी आभाळ निरभ्र असतानाही चढते. एप्रिल २००५ मध्ये देवास जिल्ह्यातील धाराजी येथे अमावास्येच्या स्नानासाठी जमलेले अनेक यात्रेकरू असेच अचानक आलेल्या पाण्यात वाहून गेले. म्हणून पात्राच्या मधल्या खडकांवर जाऊन बसू नये, परतीची वाट कोरडी ठेवावी, पाण्याच्या कडेला एक काडी रोवून ती बुडते का यावर लक्ष ठेवावे, आणि भोंगा ऐकू आला किंवा काडी बुडू लागली की सामान सोडून वर यावे. नर्मदेच्या काही डोहांत मगरी आहेत; गावकरी ज्या जागी गुरे पाण्यात उतरवत नाहीत तिथे आपणही उतरू नये. महेश्वर आणि ओंकारेश्वर यांच्या घाटांवर लोक माशांना कणकेच्या गोळ्या घालतात, ते मासे श्रद्धेचे आहेत. अहिल्याबाईंच्या घाटावर गळ काढणे कोणत्याही इंदूरकराला शोभणार नाही. घाटांपासून चांगले दूर, वस्तीच्या खाली, आणि तेही स्थानिकांना विचारूनच बसावे.

याच नदीत महसीर आहे, ज्याला खोऱ्यात बाडस म्हणतात. मध्य प्रदेशाने त्याला राज्य मासा ठरवले आहे. त्याला वाहते, प्राणवायूने भरलेले पाणी आणि अंडी घालायला गोट्यांचा स्वच्छ तळ लागतो; धरणांमागे पाणी साचले आणि वाळू उपसली गेली तसा तो दिसेनासा होत गेला. मोठे, जाड खवले, जाड ओठ आणि दोन जोड्या मिशा असा मासा गळाला लागला तर तो वजनकाट्यासाठीही पाण्याबाहेर काढू नये. हात ओले करावेत, कारण कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तिथे बुरशी धरते. गळाच्या टोकामागचा उलटा काटा घरीच चिमट्याने दाबून सपाट केलेला असेल तर गळ क्षणात निघतो. खोल गेला असेल तर ओढाताण न करता तंगूस तोंडाजवळ कापावा. मग माशाचे तोंड प्रवाहाकडे करून, शेपटीच्या बुडाशी आणि पोटाखाली हलका आधार देऊन त्याला पाण्यातच धरून ठेवावे. कल्ले नियमित हलू लागले आणि शेपटीने जोर दिला की तो स्वतःच हात सोडवून घेतो. त्याआधी ढकलू नये.

जो मासा घरी न्यायचा असेल त्याला तडफडत ठेवू नये. डोक्यावर, डोळ्यांच्या जरा मागे, जड काठीचा एक नेमका घाव पुरतो. कल्ले आणि आतडी तिथेच काढली आणि मासा बर्फाच्या डब्यात ठेवला तर इंदूरला पोहोचेपर्यंत मांस घट्ट राहते. आतडी पाण्यात टाकू नयेत, काठापासून दूर पुरावीत. मांगूर जातीचा आफ्रिकन मासा लागला, तर तो परत सोडू नये, कारण तो इतर मासे फस्त करतो आणि देशात त्याच्या पालनावर बंदी आहे. निघताना तुटलेला तंगूस वेचून घ्यावा, अगदी झुडपात अडकलेलाही. त्यात बगळ्यांचे आणि पाणकावळ्यांचे पाय अडकतात. घरी आणून त्याचे बोटभर लांबीचे तुकडे करावेत आणि मगच सुक्या कचऱ्याच्या डब्यात टाकावेत.